वाचकांचे प्रश्न : क्षेपणास्त्रापुढे रणगाडा

प्रश्न : सुट्टीत अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून आलो. परतताना मुलाने विचारले, की एकटा जवान पाठीवर वाहून नेऊ शकेल अशा क्षेपणास्त्राने रणगाडा फुटत असेल, तर सैन्ये रणगाडे अजून का बाळगतात? मला उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : हाच प्रश्न ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायली सेनापतींना पडला होता. ६ ऑक्टोबरला कालवा ओलांडून आलेल्या इजिप्तच्या पायदळाकडे ‘माल्युत्का’ नावाची सोव्हिएत क्षेपणास्त्रे होती. पाश्चात्त्य सैन्ये त्यांना ‘सॅगर’ म्हणत. लहान सुटकेससारख्या पेटीतून हे अस्त्र नेले जाई आणि पेटीचे झाकणच ते सोडण्याची बैठक होई. ते चालवणारा जवान काही पावले दूर खड्ड्यात बसून दुर्बिणीतून पाही आणि हातातल्या दांडीने, मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून, अस्त्राला वळवी. पल्ला ३ किलोमीटर, म्हणजे आपल्या वाशीच्या खाडीपुलाच्या दीडपटीहून अधिक, आणि तेवढे अंतर कापायला सुमारे २५ सेकंद लागत.

या २५ सेकंदांतच सगळी मेख आहे. तेवढा वेळ त्या जवानाची नजर हलता कामा नये आणि हातही थरथरता कामा नये. त्याच्या आसपास उखळी तोफेचे गोळे पडू लागले किंवा मशीनगन चालू झाली, की अस्त्र वाळूत जाते. मध्ये धुराचा पडदा आला, तर त्याला लक्ष्यच दिसत नाही. पण गोळे टाकायला तोफखाना हवा आणि खड्ड्यातला माणूस हुडकायला पायदळ हवे. १९६७ च्या युद्धात अरब देशांवर मिळवलेल्या झटपट विजयानंतर इस्रायलने रणगाड्यांवर सारी भिस्त ठेवून या दोन्ही अंगांकडे दुर्लक्ष केले होते, आणि उणीव भरून काढणाऱ्या विमानांना इजिप्तच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांनी दूर ठेवले. म्हणून ८ ऑक्टोबरच्या प्रतिहल्ल्यात पुरेशा पायदळाविना पुढे गेलेले रणगाडे जागोजागी जळाले.

वृत्तपत्रांनी याचे श्रेय ‘सॅगर’ला दिले, ते माझ्या मते अर्धेच खरे होते. ५०० मीटरच्या आत ते अस्त्र निरुपयोगी असे. ती जागा आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या रॉकेटने राखली होती. शिवाय मागच्या काठावरच्या उंच बांधांवरून इजिप्तचे रणगाडे मारा करत होते. म्हणजे सर्व शस्त्रांनी एकमेकांना सांभाळून लढण्याचा धडा त्या दिवशी इजिप्तने गिरवला होता. हेच सैन्य १४ ऑक्टोबरला आपल्या विमानवेधी छत्राबाहेर पडून चाल करून गेले, तेव्हा एका दिवसात त्याचे दोनशेहून अधिक रणगाडे गेले. अस्त्रे तीच होती, जुळणी मोडली होती.

पुढे अस्त्रे सुधारली. अमेरिकी ‘जॅव्हलिन’ सोडल्यावर जवानाला तिथे थांबावे लागत नाही आणि ते रणगाड्याच्या पातळ छपरावर वरून आदळते. त्यामुळे गोळीबाराने नेम चुकवण्याची जुनी युक्ती लंगडी पडली आणि उलट पायदळाने आधी पुढे जाऊन झाडी, घरे, नाले धुंडाळण्याची गरज वाढली. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये अपुऱ्या पायदळानिशी रस्त्यारस्त्याने निघालेल्या रशियन ताफ्यांनी याची किंमत मोजली. (तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या कट्ट्यावर रणगाड्याचे तेरावे घालून झाले होते!) तरीही तोफेचा मारा सोसत उघड्यावरून पुढे सरकेल आणि थेट गोळा डागेल, असे दुसरे वाहन अद्याप कोणाकडे नाही. मुलाला एवढेच सांगा, की एकटा रणगाडा सहज मरतो, म्हणून त्याला एकटे सोडत नाहीत.

प्रश्न : आपल्या लष्करात रणगाडे फोडणारी क्षेपणास्त्रे कोणाकडे असतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुख्यतः पायदळाकडे. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले, तेही पायदळाचेच शस्त्र होते. आता पलटणींकडे हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये बनणारी ‘मिलान’ असतात, तर यांत्रिक पायदळाच्या बीएमपी-२ गाड्यांवर ‘कोंकुर्स’ बसवलेली असतात.