दुवा उघडताच फिल्टर पुसले जातात, बॅक चालत नाही

तुम्ही लिहिलंय की बडोद्यातल्या भाड्याच्या खोल्यांच्या पानावर रावपुरा हा परिसर आणि 10,000 च्या आत भाडं असे फिल्टर लावून दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर समोरच्याला सगळ्याच खोल्या दिसतात. शिवाय बॅक दाबलं तरी पान जागचं हलत नाही. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: फिल्टरला तुमच्याकडे दोन मालक आहेत, यूआरएल (पानाचा पत्ता) आणि कॉम्पोनंटमधली स्टेट (पानाच्या कोडने स्वतःजवळ ठेवलेली माहिती).

पान उघडतं तेव्हा स्टेट रिकामी असते. एक इफेक्ट (पान रंगवून झाल्यावर आपोआप चालणारा कोड) यूआरएल वाचून स्टेट भरतो, दुसरा स्टेट बघून यूआरएल लिहितो. लिहिणारा आधी चालला की रिकामी स्टेट यूआरएलवर चढते आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. मग लोक इफेक्टचा क्रम उलटा करतात. दुवा नीट उघडू लागतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण लिहिणारा अजूनही पहिल्या फेरीत रिकामं आणि दुसऱ्या फेरीत भरलेलं लिहीत असतो. पुशस्टेट (ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद घालणारं फंक्शन) वापरत असाल तर इतिहासात मधे एक रिकामी नोंद पडते. बॅक दाबलं की त्या नोंदीवर जायचं आणि इफेक्टने पुन्हा पुढे ढकलायचं! यासाठी होस्टिंगच्या मदतकेंद्राला फोन करू नका. ‘कॅशे साफ करा’ यापलीकडे मला तिथून काही मिळालं नाही, आणि दिवस वाया गेले.

स्टेटमधली प्रत काढूनच टाका. प्रत्येक रेंडरला, म्हणजे पान रंगवताना, फिल्टर यूआरएलमधूनच काढायचे. क्लिक झालं की फक्त यूआरएल बदलायचा. डीफॉल्ट मूल्य (काहीच निवडलं नसेल तर धरायचं ते) वाचताना लावायचं, यूआरएलमध्ये परत लिहायचं नाही. राउटर (यूआरएल सांभाळणारी लायब्ररी) नसेल तर एक लक्षात ठेवा: पॉपस्टेट हा ब्राउझरचा इव्हेंट बॅक-फॉरवर्डला येतो, तुम्ही स्वतः पुशस्टेट केल्यावर येत नाही. तेव्हा पडदा नव्याने रंगवायला तुम्हीच सांगायचं.

परिसर, टॅब, पान क्रमांक यांना पुशस्टेट. भाड्याचा स्लायडर आणि शोधाची चौकट यांना रिप्लेसस्टेट (नवी नोंद न घालता चालू नोंदच बदलणारं), तेही हात थांबल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी. अक्षरागणिक लिहिलंत तर बॅकचा पार विचका होतो, आणि थोड्या सेकंदांत 100 हून जास्त वेळा बोलावलं तर सफारी सरळ एरर फेकते.

परिसराचं नाव यूआरएलमध्ये घालू नका, क्रमांक घाला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) 3 बाइटचं, म्हणजे यूआरएलसाठी एन्कोड झाल्यावर (प्रत्येक बाइटचं %E0 सारखं रूप) 9 अक्षरांचं. ‘रावपुरा’ एकट्याची 63 अक्षरं होतात, ‘दांडिया बाजार’ची मधल्या रिकाम्या जागेचं एक धरून 109. असे आठ-दहा परिसर निवडले की व्हॉट्सअ‍ॅपवर दुव्याची भिंत उभी राहते. बडोद्यात तर त्याहून मोठं कारण आहे: मराठीत पाठवलेला दुवा गुजरातीत पान वाचणारा उघडणार. नाव भाषेबरोबर बदलतं, क्रमांक बदलत नाही.

सगळी स्टेट जेसनमध्ये (माहिती मजकुरात मांडायची पद्धत) कोंबून बेस64 (तो मजकूर ठरावीक 64 चिन्हांत लिहिणं) करायचा मोहही टाळा (माझं मत, नकाशाच्या किंवा चित्रकलेच्या अ‍ॅपला वेगळे नियम असू शकतात). त्यातलं अधिकचिन्ह (+) यूआरएलसर्चपॅराम्स, म्हणजे यूआरएलमधली मूल्यं वाचणारं ब्राउझरचं साधन, रिकामी जागा म्हणून वाचतं, आणि दुवा कधी चालतो, कधी नाही. असला दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

यूआरएल कोणीही हाताने बदलू शकतो, म्हणून त्यातलं प्रत्येक मूल्य तपासून घ्या. पान क्रमांक नसेल तर यूआरएलसर्चपॅराम्सचं ‘गेट’ नल (काहीच नाही) देतं, आकड्यात बदलणाऱ्या ‘नंबर’ फंक्शनने त्याचं 0 होतं, आणि सर्व्हरकडे शून्यावं पान मागितलं जातं. घरमालकाचा फोन नंबर किंवा भाडेकरूचं नाव मात्र यूआरएलमध्ये कधीच नको. ते ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतं. चौकटीचिन्हानंतरचा (#) भाग सर्व्हरला जात नाही हे खरं, पण पाठवलेल्या दुव्यात तोही असतोच.

दुरुस्तीनंतर नव्या खासगी खिडकीत फिल्टरचा दुवा चिकटवा, पुशस्टेटवाले तीन फिल्टर (स्लायडर किंवा शोध नव्हे) बदला आणि तीनदा बॅक दाबा. पहिलेच फिल्टर परत दिसले पाहिजेत. चौथ्यांदा दाबावं लागलं तर लिहिणारा इफेक्ट अजून कुठेतरी शिल्लक आहे.