क्राकुवचं फार्मसी संग्रहालय: आधी तळघर, मग माळा

पोलंडला पहिल्यांदाच जाताय आणि फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या २५ नंबरच्या घरात डोकवायचं ठरवलंय, हे छान केलंत. संग्रहालय १९४६ साली सुरू झालेलं, विद्यापीठाचं. मात्र सगळे करतात तसं नुसत्या सजवलेल्या काउंटरचे फोटो काढून परतू नका.

आधी तळघरात उतरा, मग थेट माळ्यावर जा. जुना औषधविक्या घराचा प्रत्येक मजला कसा वापरायचा ते तिथे कळतं: गारव्यात औषधी वाइनची पिंपं, आणि वर कोरड्या हवेत वाळत घातलेली झाडपाल्याची औषधं. (जिने चढायचे आहेत, गुडघ्यांना विचारून घ्या.)

बरण्यांवरची लॅटिन नावं बघून घाबरू नका. राडिक्स म्हणजे मूळ, फोलियम पान, फ्लोस फूल, सेमेन बी. एवढ्या चार शब्दांवर निम्म्या बरण्या उलगडतात. 'राडिक्स लिक्विरिटिए' दिसलं तर ओळखा, आपलं ज्येष्ठमध! काचा गडद रंगाच्या का, तर उजेडाने औषध बिघडू नये म्हणून.

इग्नात्सी वुकाशेविच या औषधविक्याला वाहिलेल्या खोलीत थोडं रेंगाळा. ल्विव्हच्या औषधांच्या दुकानात नोकरी करताना याने खनिज तेलातून रॉकेल काढलं, आणि १८५३ साली तिथल्या इस्पितळात त्याच्या दिव्याखाली रात्री शस्त्रक्रिया झाली.

आणि हो, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, म्हणजे घेट्टोत, पान्कियेविच या औषधविक्याने चालवलेलं 'गरुड' औषधालय ते हे नव्हे. ते नदीपलीकडे पोद्गुझे भागात आहे. त्याला वेगळा दिवस ठेवा.