मैत्रिणींना घरी बोलवत नाही

प्रश्न: ताई, मी १६ वर्षांची आहे, अकरावीत. आमचं गाव मालेगावजवळ. पप्पांना मकरपुरा जीआयडीसीत नोकरी लागली म्हणून आम्ही बडोद्याला आलो, तेव्हा मी दुसरीत होते. आता शाळा, ट्यूशन, मैत्रिणी सगळं गुजरातीत, आणि घरात आईचा नियम की मराठीच बोलायचं, लहान भावाशी चुकून गुजराती बोलले तरी ओरडा. नवरात्रात तर दरवर्षी भांडण, घरी घट बसतात, आई म्हणते आरतीला थांब आणि मला गरब्याला जायचं असतं. गावी गेलं की मावशीची मुलं 'आली गुजरातण' म्हणून चिडवतात, माझं मराठी ऐकून हसतात, इथे वर्गात मी 'मराठी'. मैत्रिणींना घरी बोलवत नाही, आईचं गुजराती ऐकून हसतील म्हणून. मी नक्की कुठली?
— अकरावीतली, मांजलपूर

उत्तर: अगं, कुठली ते नंतर बघू, आधी तुझी शेवटून दुसरी ओळ. गावची मुलं तुझ्या मराठीला हसतात ते तुला लागतं, आणि आईच्या गुजरातीला कोणी हसेल म्हणून तू आईलाच लपवतेस? तिला हे कळत नसेल असं समजू नकोस. आयांना कळतं, फक्त त्या बोलून दाखवत नाहीत, भलत्याच गोष्टीवरून ओरडतात. याच मोडक्यातोडक्या गुजरातीत ती भाजीवाल्याशी भाव करते, पालक मीटिंगला जाते, शेजारणीशी भांडतही असेल. एखाद्या रविवारी दोघींना जेवायला बोलव आणि आईला खानदेशी शेवभाजी करायला सांग, शेव-टामेटा खाणाऱ्या मुली त्या, तिखटाने नाकातून पाणी येईल तेव्हा कुणाच्या भाषेकडे लक्ष जाणार आहे!

भावाशी काय बोलायचं हा नियम मात्र मला नाही पटत. आईशी मराठी बोल, ते सोडू नकोस, पण भावंडांचं भावंडांना ठरवू द्यावं. तिला विचार, तिच्या माहेरी पुस्तकातलं मराठी बोलायचे का? मालेगाव-बागलाणाकडे कितीतरी घरांत अहिराणी चालते आणि अहिराणीत गुजरातीची छटा चांगलीच आहे. तुला हसणारी ती मुलं आजीशी कशात बोलतात ते पण बघ जरा.

आणि तुमच्याच भागातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये १२ वर्षांचा असताना बडोद्याला दत्तक आला, गोपाळ नाव त्याचं, तेच आपले सयाजीराव महाराज. इथे येऊन मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं शिकले, आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. (त्यांना शिकवायला वाड्यात मास्तर होते, आपल्याला ट्यूशनची फी भरावी लागते, ते सोड.) सांगायचं काय, मालेगावाकडून येऊन बडोद्याचं होणं ही काय नवीन गोष्ट नाही, कोणी विचारलं तर बिनधास्त 'बडोद्याची' म्हण, त्यासाठी मराठीपण उतरवून ठेवावं लागत नाही.

नवरात्राचं भांडण मला तरी संस्कृतीचं वाटत नाही. आरती संध्याकाळी आणि गरबा रंगतो रात्री, चनियाचोळी घालून आरतीला उभी राहिलीस तर देवी रागावणार नाही. आईला खरी काळजी असणार ती तू मध्यरात्री रस्त्यावर असण्याची. म्हणून घट बसायच्या आधीच तिच्याशी बोल, कोणत्या मैदानावर, कोणाबरोबर, किती वाजता परत, आणि न्यायला पप्पा येतील का ते त्यांनाच विचारून ठेव. एका रात्री आईलाही घेऊन जा, ती नाही म्हणेल, दोनदा विचार.