घरासमोर १०×१५ फूट जागा आहे, देशी झाडं लावून फुलपाखरं, मधमाश्या येतील अशी पण नीटनेटकी बाग कशी करू?

आधी एक सांगतो, नर्सरीत जाऊन दिसेल ते एकेक रोप उचलू नका, तिथेच बागेचा बाजार होतो. पाच-सहाच जाती घ्या पण प्रत्येकीचा पुंजका करा, दिसायलाही छान आणि मधमाशीला एकाच जागी भरपूर फुलं मिळतात. मागे भिंतीला लिंबू आणि कढीपत्ता, मधे कोरांटी, पुढे अबोली, कडेने तुळस, आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, सातेरी माश्या (आपल्या देशी मधमाश्या) त्यावरच येतात. एका कोपऱ्यात रुई असू द्या (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका हं), प्लेन टायगर फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं.

आता खरी परीक्षा म्हणजे लिंबाची, कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसणार, त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी असेल तर ती मॉर्मन नाहीतर लाइम फुलपाखराची, फवारणी अजिबात नको. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉर्मनसुद्धा लिंबावर वाढतं. आमची आई आधी अळ्या काढून टाकायची, आता पाहुण्यांना दाखवते!

घाणेरीवरही फुलपाखरं येतात पण ती बाहेरून आलेली आणि भसाभस पसरते, मी तरी लावणार नाही.