वाचकांचे प्रश्न : हुडखालचं उड्डाण

इन्स्ट्रुमेंट उड्डाणाच्या, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर विमान चालवण्याच्या सरावात बाहेर लख्ख ऊन असतं, पण विद्यार्थ्याच्या डोक्यावर हुड असतं आणि त्याला समोरच्या पॅनलपलीकडचं काही दिसत नाही. या टप्प्याबद्दल आलेल्या चार पत्रांना ही उत्तरं.

हुड घातल्यावर विमान डावीकडे कललंय असं मला सारखं वाटतं. उपकरणं मात्र समतल दाखवतात. इन्स्ट्रक्टर सर म्हणतात, ‘दुर्लक्ष कर.’ ते जमायचं कसं? — प्रशिक्षणार्थी, पुणे

हा भास प्रत्येकाला होतो, त्यात तुमचं काही चुकत नाही. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव फक्त वेगात होणारा बदल टिपतो. विमान अगदी हळूहळू उजवीकडे कललं, तर त्याला पत्ता लागत नाही. मग तुम्ही ते झटक्यात सरळ करता. कानाला तेवढीच हालचाल कळते आणि विमान डावीकडे कलल्यासारखं वाटतं. एकसारखं वळण वीसेक सेकंद चाललं, तरी आपण सरळच चाललोय असं वाटू लागतं.

नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही, डोळ्यांना काम द्यावं लागतं. कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण), मग एक उपकरण, परत कृत्रिम क्षितिज, मग दुसरं, अशी नजर फिरती ठेवा. एकाच काट्यावर खिळलात की बाकीचे निसटतात. वळणात असताना पायाशी पडलेलं पेन उचलायला वाकू नका. वळणात डोकं खाली-वर केलं की दोन-तीन नलिका एकदम ढवळतात आणि गरगरल्यासारखं होतं. चार्ट वळणाआधीच मांडीवर लावून घ्या. तरीही भास जाईना, तर तसं मोठ्यानं सांगा आणि कंट्रोल सोपवा. ‘कंट्रोल तुमच्याकडे’, ‘कंट्रोल माझ्याकडे’, आणि पुन्हा ‘कंट्रोल तुमच्याकडे’ हे तिन्ही उच्चार झाल्याशिवाय योकवरून (विमानाच्या स्टिअरिंगवरून) हात काढू नका.

मुलगी धुळ्याला विमान शिकते. तिला काही दिसत नसताना बाहेर पाहतं कोण? — एक पालक, नाशिक

इन्स्ट्रक्टर. या सरावातला सर्वांत मोठा धोका नेमका इथेच आहे. विद्यार्थिनी डाव्या सीटवर, इन्स्ट्रक्टर उजव्या. डावीकडे पाहायचं तर मध्ये तिचं डोकं आणि हुड येतं. सरावाच्या सेसना 172 विमानाचे पंख केबिनच्या वर असतात, त्यामुळे डावं वळण घेताना डावा पंख खाली येऊन नेमकी वळायची दिशाच झाकतो. म्हणून प्रत्येक वळणाआधी तिनं ‘डावीकडे वळते’ म्हणायचं, इन्स्ट्रक्टरनं डावा पंख किंचित उचलून पाहायचं, ‘डावीकडे मोकळं’ म्हणायचं, आणि मगच वळायचं. हे दोन शब्द गाळले गेले, तर त्या क्षणी बाहेर कोणाचीच नजर नाही असं समजावं.

इन्स्ट्रक्टर पॅनलवर बोट ठेवून समजावू लागले की त्यांचीही नजर आत जाते. लांबलचक शिकवणं जमिनीवर व्हावं, आकाशात फक्त दुरुस्ती. विमान मुद्दाम वेड्यावाकड्या स्थितीत नेऊन सावरण्याचा सराव जमिनीपासून 3000 फुटांच्या खाली करू नये, असं आमचं मत आहे. नाक खाली आणि वेग वाढत असेल, तर आधी थ्रॉटल मागे (इंजिनाची शक्ती कमी), मग पंख समतल, आणि शेवटी हलक्या हातानं नाक वर. हा क्रम उलटला की वळण आणखी घट्ट होतं आणि विमानावर नको तितका भार येतो.

तीन दिवस पाऊस पडला, विमान उभंच होतं. चौथ्या दिवशी धावपट्टीवर वेगाचा काटा हललाच नाही. — प्रशिक्षणार्थी, गोंदिया

बहुधा पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीत, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असावं, किंवा पाणी अडकलं असावं. इंजिनाची शक्ती पूर्ण असताना काटा हलत नसेल, तर टेकऑफ तिथेच सोडायचा. ट्यूबमध्ये तार घालू नका, तोंडानं फुंकूही नका, वेग दाखवणाऱ्या उपकरणातला नाजूक पडदा खराब होतो. इंजिनिअरला बोलवा. विमान उभं करताना पिटोचं कव्हर चढवणं हाच खरा उपाय.

स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र, बुजलं तर लक्षणं वेगळी. अल्टिमीटर (उंची दाखवणारा) गोठतो, चढ-उताराचा काटा शून्यावर थांबतो, आणि वर चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अशा वेळी पर्यायी स्टॅटिकची (दाब दुसरीकडून घेण्याची) खुंटी ओढायची.

याहून फसवा बिघाड व्हॅक्यूम पंपाचा, म्हणजे हवा ओढून उपकरणं फिरवणाऱ्या पंपाचा. जुन्या पॅनलच्या 172 मध्ये कृत्रिम क्षितिज आणि हेडिंग इंडिकेटर (विमानाची दिशा दाखवणारा) त्याच्यावर चालतात. पंप बंद पडला तरी जायरो (उपकरणातलं फिरतं चाक) लगेच थांबत नाही, हळूहळू मंदावत कलत जातो. वैमानिक त्याच्यामागे विमान कलवतो आणि आपण बरोबर आहोत असं समजतो. टर्न कोऑर्डिनेटर (वळणाचा वेग दाखवणारा) विजेवर चालतो, म्हणून त्याचं आणि कृत्रिम क्षितिजाचं पटत नसेल तर पंपाचा जोर दाखवणारं सक्शन गेज पाहा. काटा हिरव्या पट्ट्याबाहेर असेल, तर खोटं बोलणारी दोन्ही उपकरणं कागदानं झाका. झाकली नाहीत तर नजर तिकडेच जाते.

फक्त हुडवर सराव झालाय. चुकून ढगात शिरलो तर? — प्रशिक्षणार्थी, बारामती

1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचा अनुभव नसलेल्या 20 जणांवर एक प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर सगळ्यांचा ताबा सुटला. कोणाचा 20 सेकंदांत, कोणाचा 480 सेकंदांत, सरासरी 178. मागे फिरण्याची साधी पद्धत शिकवणं हा त्या प्रयोगाचा हेतू होता. आज मागे फिरायचं ते असं.

आधी पंख समतल करा, उंची सोडू नका. हेडिंग पाहून घ्या आणि त्याच्या विरुद्ध दिशेचा आकडा मोठ्यानं म्हणा. मग टर्न कोऑर्डिनेटरवर सेकंदाला तीन अंशांचं वळण लावा. 100 नॉट वेगाला साधारण 15 ते 17 अंशांचा कल पुरतो. बरोबर एक मिनिटात 180 अंश होतात, तेव्हा घड्याळ लावा. ढगाखाली जाण्यासाठी उतरायचा मोह सह्याद्रीत जिवावर बेततो, कळसूबाईच सुमारे 5400 फूट आहे. ढगाबाहेर आलात की एअर ट्रॅफिक कंट्रोलला लगेच कळवा.