रब्बींच्या वर्गात इतर धर्मीयांनी बसावे का?

प्रश्न : मी रेवदंड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. शेजारचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, कुटुंब इस्रायलला गेले, पण त्यांच्या धर्माविषयीचे माझे कुतूहल तसेच राहिले. एक रब्बी (ज्यू धर्मगुरू) इंटरनेटवरून तोरा हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ शिकवतात आणि त्या वर्गात ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू असे सारेच बसतात, असे भाचीकडून कळले. परधर्मीयांना शिकवणे त्यांच्या धर्माला मान्य आहे का? पुढे धर्मांतराचा आग्रह होईल का? हिब्रू येत नसताना आधी काय वाचावे?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घरची माणसे बहुधा तोच विचारतील. परंपरेने चालणारे रब्बी इतरांना आपल्या धर्मात ओढत नाहीत. उलट, धर्म स्वीकारायला स्वतःहून आलेल्या माणसालाही प्रथम परतवावे असा रिवाज आहे आणि त्याला आधार म्हणून, नामीने आपल्या मवाबी सुनांना तीनदा माघारी जायला सांगितले, ही बायबलमधील रूथच्या पुस्तकातील कथा दाखवतात. ज्यू नसलेल्याने नोहाच्या वंशजांसाठी, म्हणजे साऱ्या मानवजातीसाठी, सांगितलेले सात नियम पाळावेत, तोराच्या साऱ्या आज्ञांचे बंधन त्याच्यावर नाही, अशी तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाची भूमिका आहे.

शिकवण्याविषयी मात्र मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. तल्मूदच्या सनहेद्रिन या भागात परधर्मीयाने तोराचा अभ्यास करण्याला रब्बी योहानान कठोर शब्दांत विरोध करतात, आणि तिथेच, तोराचा अभ्यास करणारा परधर्मीय महायाजकाच्या बरोबरीचा आहे, हे रब्बी मेईर यांचे वचनही येते. हा अभ्यास त्याला लागू असलेल्या सात नियमांचा, असे सांगून तल्मूद दोन्ही मतांचा मेळ घालतो. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकाराने ख्रिस्ती लोकांना शिकवण्यास मुभा दिली, कारण तोराची संहिता त्यांना मान्य आहे. ती बदलली गेली असे मुसलमान मानत असल्याने त्यांना शिकवू नये, असे त्यांचे मत होते. आज तिन्ही धर्मांच्या लोकांना एकत्र बसवणारे रब्बी त्यांच्यापेक्षा बरेच पुढे गेले आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, पण असा वर्ग न घेणारे रब्बीही आहेत.

आपल्या किनाऱ्यावर याच्या उलट प्रकार घडलेला आहे. दावीद राहाबी नावाच्या परक्या ज्यूने येथील बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, त्यांनी खवले आणि पर नसलेली मासळी बाजूला काढली, तेव्हा हे शनिवार तेली (शनिवारी काम न करणारे तेली, हे बेने इस्रायलींचे इथले नाव) आपलेच लोक आहेत अशी त्याची खात्री पटली आणि त्याने तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, अशी बेने इस्रायली परंपरा आहे. पुढे त्यांना हिब्रू शिकवणारा तर ख्रिस्ती मिशनरी होता. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. पण धर्म फारच थोड्यांनी बदलला आणि बाकीच्यांनी हिब्रूचा उपयोग स्वतःचे ग्रंथ वाचण्यासाठी केला. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत निघाली.

वाचनासाठी मराठी बायबलमधील जुना करार चालेल. त्यातील उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पहिली पाच पुस्तके म्हणजे तोरा. पुढच्या पुस्तकांचा क्रम ज्यू परंपरेत वेगळा आहे; तिथे शेवट मलाखीने न होता इतिहासाच्या पुस्तकांनी होतो. तोराचे वाचन आठवड्याच्या ठराविक भागांत वर्षभर चालते, तेव्हा त्या आठवड्याचा भाग कोणता, हे विचारून तेवढाच वाचावा.

प्रवचनाची किंवा कीर्तनाची सवय असलेल्या माणसाला हा वर्ग प्रथम संथ वाटेल. (बेने इस्रायली मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली, पण तो निराळा विषय.) इथे एका वचनावर तास जाऊ शकतो. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीवर जुन्या रब्बींचा प्रश्न मांडतात : हा आज्ञांचा ग्रंथ असेल, तर निर्गमच्या बाराव्या अध्यायातील पहिल्या आज्ञेपासून सुरुवात न करता सृष्टीच्या निर्मितीपासून का केली? असे प्रश्न आपणही विचारावेत. कोणाची संहिता खरी, हा वाद मात्र त्या वर्गात काढू नये. वर्ग शुक्रवारी सूर्यास्तानंतर किंवा शनिवारी दिवसा ठेवलेला दिसला, तर नीट चौकशी करावी, कारण सनातनी रब्बी शब्बाथ हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस चालू असताना संगणकाला हात लावत नाहीत.