वह्या मुलीच्या, पेपर कन्सल्टंटचा?

पत्र : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्नरच्या डोंगरांत दोन पावसाळे फिरून तिने शिंदळ माकुडी या दुर्मीळ वनस्पतीच्या नोंदी केल्या आहेत. परदेशात एम.एस.ला जायचं तर नावावर संशोधनाचा पेपर हवा, म्हणून मी एक कन्सल्टंट गाठला. तिच्या वह्या त्याला दिल्या, अर्धी फीही भरली. तो पेपर लिहून 15 दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आणणार आहे. मुलगी मात्र ‘पेपर मीच लिहिणार’ म्हणून हट्टाला पेटली आहे, जेवत नाही. तिचं इंग्रजी कच्चं आहे. तिला समजवा.
– एक पालक, जुन्नर

नमस्कार.

मी तिला समजावणार नाही. तिचं बरोबर आहे.

तुमच्या पत्रात कन्सल्टंटची फी आहे, आंतरराष्ट्रीय जर्नल आहे, परदेशातलं एम.एस. आहे. मुलीला त्या डोंगरकड्यांवर काय दिसलं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. तुम्ही विचारलंत तरी का? निसरड्या कातळावर दोन पावसाळे जाऊन तिने जे जमवलं, ते तिला न विचारता तुम्ही परक्याच्या हाती दिलंत. ती त्याला विरोध करते, तर तुम्ही त्याला हट्ट म्हणता. माझ्या मते ती स्वतःचं काम जपते आहे, आणि घरात तिच्या बाजूने कुणीच नाही याची मला जास्त काळजी वाटते.

संशोधन झालं की ते इंग्रजीत ‘लिहून काढायचं’ एवढंच उरतं, हा तुमचा समज चुकीचा आहे. लिहायला बसलं की नोंदीतली भोकं दिसतात. ‘बऱ्याच झाडांना फुलं आली होती’ हे वहीत चालतं. पेपरात किती झाडं पाहिली, त्यांतल्या कितींना फुलं होती, कुठल्या तारखेला, हे सांगावं लागतं. फुलांवर माश्या बसल्या म्हणजे परागीभवन त्यांनीच केलं, असं लिहिता येत नाही. माशीच्या अंगावर परागपुंज, म्हणजे परागकणांचा गोळा, चिकटलेला दिसला का, शेंगा धरल्या का, हे पाहावं लागतं. उन्हाळ्यात पानं गळून नुसती मांसल खोडं उरतात, तेव्हा ती मोजली का? नसतील तर यंदा पुन्हा जावं लागेल. हे प्रश्न कड्यावर गेलेल्या माणसालाच पडतात. कन्सल्टंट ती भोकं बेमालूम बुजवून टाकेल, आणि खोटं तुमच्या मुलीच्या नावावर जमा होईल. इंग्रजीचं म्हणाल, तर पहिला खर्डा तिने खुशाल मराठीत लिहावा.

आणखी एक धोका आहे. ही वनस्पती महाराष्ट्रातल्या शिवनेरी, सज्जनगड, वज्रगड अशा मोजक्या डोंगरांवरच आढळते, आणि शोभेच्या झाडांच्या शौकिनांचा तिच्यावर डोळा असतो. पेपरात जीपीएसचे नेमके आकडे छापले की रोपं उपटणाऱ्याला नकाशाच मिळाला. जाणती जर्नल्स अशा जागा मोघम ठेवू देतात. पैसे घेऊन छापणाऱ्याला त्याचं काय!

तिने आता हे करावं. कॉलेजमधल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना वह्या दाखवाव्यात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. परवानगी काढून तिथल्या वनस्पती-संग्रहातले जुने नमुने पाहावेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून शिंदळ माकुडीला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं. आता बुसेरोशिया फ्रिअरी हे नावही चालतं. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर निम्मे संदर्भ हातचे जातील. दुर्मीळ वनस्पतींवरचं लेखन कसं असतं, हे कोइमतूरहून निघणाऱ्या जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सामध्ये मोफत वाचता येतं. देशातच शिकायचं झालं, तर एम.एस्सी.साठी सीयूईटी-पीजी ही सामायिक किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा, हा रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच.

परदेशात प्रवेशासाठी पेपर लागतोच असं नाही. मुलाखत झालीच तर तिथे तिला स्वतःच्या कामाबद्दल बोलावं लागेल, आणि कन्सल्टंटने लिहिलेल्या ओळींचं समर्थन तिला करता येणार नाही.

आज दोन गोष्टी करा. वह्या परत आणा. आणि मुलीचं नाव व तिची माहिती कुठेही छापू नये, असं त्या माणसाला लेखी कळवा. एकदा तिथे छापून आलं की तीच माहिती चांगलं जर्नल पुन्हा घेणार नाही, आणि तिचे दोन पावसाळे फुकट जातील. भरलेली अर्धी फी परत मिळाली नाही तरी चालेल, उरलेली अर्धी भरू नका.